व्हिस्की द्या, मेंदू घ्या

अंगावर दोन स्वेटर चढवा, वर जाड कोट आणि कानटोपी. हातमोजे मात्र जुनेच घ्या, परत आणण्याच्या लायकीचे ते राहणार नाहीत. आणि पोटभर नाश्ता करून निघू नका. का, ते अर्ध्या तासात कळेल.

आता डोळे उघडा. पहाटेचे पाच वाजले आहेत, १९७३ साल सरत आलंय आणि तुम्ही स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या ॲबर्डीन शहरात एका जुन्या सायकलवर बसला आहात. समोरून उत्तर समुद्राचा वारा येतोय. तो कोटाच्या बटणांमधून आत शिरतो, डोळ्यांतून पाणी काढतो आणि ते पाणी गालावर गार पडतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राखाडी ग्रॅनाइटची घरं, राखाडी ग्रॅनाइटची दुकानं, राखाडी ग्रॅनाइटची चर्चं. ऊन पडलं की या दगडातलं अभ्रक लकाकतं म्हणे. पण हिवाळ्यात इथे सूर्य उगवणार पावणेनऊच्या सुमाराला आणि दुपारी साडेतीनला मावळणार, तेव्हा त्या लकाकीच्या भरवशावर राहू नका.

वाटेत एका बेकरीच्या दारातून गरम वाफ येतेय. थांबा, दोन मिनिटं चालतील. इथे ‘बटरी’ नावाचा एक चपटा, खारा, पापुद्र्यांचा पाव मिळतो. चरबी घालून केलेला, भट्टीतून काढल्यावर कागद पारदर्शक करून टाकणारा. बोटीवर जाणाऱ्या मच्छीमारांचा हा आवडता खाऊ. एक घ्या, खिशात ठेवा, हात शेकतील. काउंटरमागची बाई ‘फिट लाइक?’ म्हणाली तर दचकू नका, ख्यालीखुशाली विचारतेय.

पुढे जो तिशीतला माणूस जोरात पॅडल मारतोय तो जॉन ह्यूज. विद्यापीठात औषधशास्त्र शिकवतो. त्याच्या सायकलला लटकवलेल्या सामानात हत्यारं आहेत, प्लास्टिकच्या पिशव्या आहेत आणि धुरकट वाफ सोडणारा कोरडा बर्फ आहे. शिवाय एक व्हिस्कीची बाटली. ती तुमच्यासाठी नाही.

उतार सुरू झाला की वास बदलतो. आधी मासळी, मग डिझेल, मग डांबर. बंदरात मासेमारीच्या बोटींना खेटून नव्या, उंच, भडक रंगाच्या बोटी उभ्या आहेत. समुद्रात तेल सापडलंय आणि गावात अचानक अमेरिकन हेल ऐकू येऊ लागलेत. सीगल पक्षी कर्कश भांडताहेत. आणि त्या सगळ्यावर मात करणारा आणखी एक वास येतोय. गरम, गोडसर, लोखंडी. आलो आपण. हा कत्तलखाना.

आत शिरताच चष्म्यावर वाफ धरते. उकळत्या पाण्याची, डुकरांच्या अंगाच्या उबेची. जमीन निसरडी, पावलं जपून टाका. साखळ्या खणखणतात, करवती ओरडतात, माणसं त्याहून मोठ्याने ओरडतात. ह्यूज पहिल्यांदा आला तेव्हा हा विद्यापीठातला बाबा डुकराची डोकी कशाला मागतोय हे कुणालाच कळेना. प्रकरण मार्गी लागलं ते बाटलीमुळे, अशी कथा या क्षेत्रात अजून सांगतात. कागदावर मंजूर झालेलं कुठलंही अनुदान एवढ्या तत्परतेने उपयोगी पडत नाही, हे माझं वैयक्तिक मत.

चला, हात लावा. डुकराची कवटी चांगली जाड असते. चेंगटपणे केलं तर जमत नाही. कवटी उघडली की आत मेंदू: अपेक्षेपेक्षा लहान, फिकट गुलाबी, आणि अजून ऊबदार. हातमोज्यातून ती ऊब लागते. बोटांनी दाबू नका, सायीपेक्षा जरा घट्ट इतकाच तो. पिशवीत टाका, बर्फावर ठेवा, पुढचा घ्या. घाई करायची, कारण जे शोधायचंय ते मेंदूतच असलेली विकरं भराभर खाऊन टाकतात.

काय शोधायचंय? परतीच्या चढावर दम लागेल, तेवढ्यात सांगतो. खसखशीच्या बोंडाचा चीक म्हणजे अफू, आणि अफूतलं मॉर्फिन म्हणजे वेदनेवरचा माणसाला ठाऊक असलेला सर्वांत जुना खात्रीचा उतारा. आपल्या मुंबईतसुद्धा एकेकाळी रडक्या पोरांना झोपवायला बाळागोळी द्यायचे, तीत अफूच असायची. तर याच वर्षी बाल्टिमोर, न्यूयॉर्क आणि स्वीडनमधलं उप्साला, अशा तीन ठिकाणच्या लोकांनी दाखवून दिलं की मेंदूच्या पेशींवर मॉर्फिनला नेमकी बसायला जागा असते. आता कुठल्याशा झाडाच्या चिकासाठी डुकराच्या, माणसाच्या मेंदूने जागा राखून ठेवायचं काय कारण? कारण एकच असू शकतं. मेंदू स्वतःच तसलं काहीतरी बनवत असणार, आणि ती जागा त्याची असणार. ते ‘काहीतरी’ तुमच्या पिशवीत आहे. असेल, असं ह्यूजला वाटतंय. अजून कुणी पाहिलेलं नाही.

मार्शल कॉलेजची इमारत पाहून घ्या. शंभर टोकं आभाळात घुसवलेली, अर्थातच ग्रॅनाइटची. आतली जागा मात्र भव्य वगैरे काही नाही. व्यसन लावणाऱ्या औषधांवरच्या संशोधनाचा छोटा विभाग यंदाच सुरू झालाय, आणि त्याचे प्रमुख आहेत यंदाच निवृत्त झालेले एक प्राध्यापक. हॅन्स कोस्टरलिट्झ, वय ७०. मूळचे बर्लिनचे. १९३४ मध्ये ज्यू म्हणून तिथून निघावं लागलं, आणि इथे आले ते इन्शुलिनच्या शोधातल्या मॅक्लाउड यांच्याकडे काम करायला. चाळीस वर्षं होत आली, इंग्रजीत जर्मन अजून घट्ट बसलेलं आहे. त्यांचा मुलगा मायकेल भौतिकशास्त्रात आहे. त्याने नुकताच डेव्हिड थाउलेस यांच्याबरोबर एक निबंध छापलाय. त्याला २०१६ मध्ये नोबेल मिळणार आहे. तुम्हाला माहीत आहे, त्यांना नाही. तोंड बंद ठेवा.

आता मेंदू चिरायचे, भांड्यात घालायचे आणि वर ॲसिटोन ओतून दळायचे. ॲसिटोन म्हणजे नखांचं पॉलिश पुसायचं ते द्रावण, पण इथे ते लहान कुपीत नसतं. झाकण उघडताच नाकाच्या मुळापर्यंत झिणझिणी जाते, डोकं हलकं होतं. खिडकी उघडावी तर वारा कागद उडवतो. बंद ठेवावी तर आपणच उडू. ठिणगी पडली तर खोलीच उडेल, हे कुणी सांगायला लागत नाही. दळलेलं गाळायचं, ॲसिटोन उडवून लावायचं. भांड्याच्या तळाशी उरतं ते पिवळट, मेणचट, चिकट काहीतरी. त्याला वास येतो खवट लोण्याचा. हा वास कपड्यांत बसतो, केसांत बसतो, संध्याकाळी घरी गेलात तर तुमच्याआधी दारात पोचतो. खिशातल्या बटरीचा विचार आत्ता मनात आणू नका. आणलात ना? मी सांगितलं होतं.

वेदना विसरायला लावणारं, सुखाचं म्हणून पुढे जगभर मासिकांतून मिरवलेलं रसायन माणसाच्या हाती पहिल्यांदा लागलं ते या रूपात. त्याच्या शोधाइतकं सुखाशी वैर असलेलं काम मी दुसरं ऐकलेलं नाही.

या खवट पिवळ्या गोळ्यात ते आहे की नाही, हे कसं ओळखायचं? इथेच ॲबर्डीनची करामत आहे. दुसरीकडे लोक किरणोत्सारी द्रव्यं आणि महागडी यंत्रं घेऊन बसलेत. कोस्टरलिट्झ वर्षानुवर्षं गिनीपिगच्या लहान आतड्याचा तुकडा टांगून बसतात. त्याला विजेचा हलका झटका दिला की तो आकसतो. मॉर्फिन घातलं की आकसणं मंदावतं. नंतर ह्यूज आणि मंडळींना याहून कामाचा एक स्नायू सापडला: नर उंदराची शुक्रवाहिनी. हसू नका, ती आत्ता तुमच्या चिमट्यात आहे. भिजलेल्या शेवईच्या तुकड्यासारखी, तितकीच घसरती. तिच्या दोन टोकांना दोरा बांधायचा. पहिल्या खेपेला गाठ सुटणारच. दुसऱ्यांदा बांधा.

काचेच्या नळीत क्षारांचं कोमट पाणी आहे, ३७ अंशांच्या आसपास. तळातून ऑक्सिजनचे बुडबुडे येतात. त्या पाण्यात ती वाहिनी टांगलेली, वरचा दोरा एका लेखणीच्या यंत्रणेला जोडलेला. दर दहा सेकंदांनी एक झटका. वाहिनी आखडते, लेखणी वर जाते, खाली येते. कागद सरकतो. दहा सेकंद. पुन्हा वर, पुन्हा खाली. कागदावर शेजारी शेजारी उभ्या रेघा, सगळ्या एका उंचीच्या. खोलीत बुडबुड्यांचा अखंड आवाज आणि त्यावर लेखणीची ती करकर. बाहेर उजाडलंय बहुतेक, तुमचं लक्ष नाही.

आता पिवळ्या गोळ्यातून काढलेल्या अर्काचे काही थेंब नळीत सोडा.

दहा सेकंद. रेघ तेवढीच. पुन्हा दहा. ही जरा बुटकी वाटते का? वाटते. पुढची त्याहून बुटकी. मग आणखी. लेखणी आता जेमतेम कागद खरवडतेय. तुमच्या छातीत धडधडायला लागलं असेल, पण उठून नाचू नका. मेंदूचा अर्क म्हणजे शंभर भानगडींचा काढा. त्यातली निम्मी द्रव्यं या बिचाऱ्या वाहिनीला गप्प करू शकतात, अगदी साधं ॲड्रिनलिनसुद्धा. खरी परीक्षा पुढे आहे. शेजारच्या कुपीत नॅलोक्सोन आहे. मॉर्फिनला त्याच्या जागेवरून हुसकावून लावण्यापलीकडे हे औषध फारसं काही करत नाही. ते सोडा. आणि श्वास रोखून कागदाकडे बघा. दहा सेकंद. रेघ उंचावली? पुढची आणखी उंचावली? पूर्वीइतकी झाली?

झाली तर नळीत मॉर्फिनचं काम करणारं काहीतरी होतं, आणि कुणीही त्यात मॉर्फिन घातलेलं नव्हतं.

कित्येकदा होत नाही. अर्क रात्रीतून नासतो, वाहिनी थकते, गाठ सुटते, आणि उद्या पहाटे पुन्हा पाच वाजता सायकल. तुमच्या आजच्या दिवसात रेघ वर आली, हे नशीब समजा. कोस्टरलिट्झ येतील, कागदाची पट्टी खिडकीपाशी उजेडात धरतील आणि पुन्हा करायला सांगतील. त्यांना एक पट्टी पुरत नाही. त्यांनी गिनीपिगच्या आतड्यावरही तोच अर्क घालून बघितल्याशिवाय कुणालाच जेवायला मिळणार नाही.

पुढची दोन वर्षं मी भरभर फिरवतो, कारण ती बहुतांश अर्क शुद्ध करण्यात गेली आणि ते बघताना तुम्हाला झोप येईल. टेरी स्मिथने प्रथिनं कुरतडणारी विकरं त्यात घातली, तेव्हा अर्काचा सगळा जोर मावळला. म्हणजे हा पदार्थ अमिनो आम्लांची साखळी होता, पेप्टाइड. साखळी केवढी? अवघ्या पाच कड्यांची. टायरोसिन, ग्लायसिन, पुन्हा ग्लायसिन, फेनिलॲलनिन, आणि पाचवं... पाचव्याचा हिशेब जुळेना. लिंडा फोदरगिल यांनी साखळी कडी कडी करून सोडवली तरी शेवटाला घोळ. हॉवर्ड मॉरिस यांनी मास स्पेक्ट्रोमीटर लावला तेव्हा उलगडा झाला: पदार्थ एक नव्हता, दोन होते. एकाच्या शेपटीला मेथिओनिन, दुसऱ्याच्या ल्यूसिन. डुकराच्या मेंदूत पहिला दुसऱ्याच्या तिप्पट-चौपट. त्यांना नाव मिळालं एन्केफॅलिन. हल शहरातल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत बॅरी मॉर्गन यांनी हीच साखळी बाटलीतल्या रसायनांपासून बनवली, ती नळीत टाकली, आणि उंदराची वाहिनी तशीच गप्प झाली. डिसेंबर १९७५ मध्ये ‘नेचर’मध्ये निबंध आला. त्या छापील पानांना खवट लोण्याचा वास येत नाही, एवढीच त्यांची उणीव.

आता कोट काढा, पण स्वेटर राहू द्या. आणखी एक मुक्काम आहे: हेच एन्केफॅलिन, पण माणसाच्या मेंदूत.

केंब्रिज, १९७९. सायकल इथेही आहे, फक्त रस्ता सपाट आहे आणि पिशवीत पुस्तकं आहेत. हिल्स रोडवर लेस्ली आयव्हर्सन यांच्या विभागात शिरा. इथे वाफ नाही, रक्त नाही, कुणी ओरडत नाही. फ्रीझरची घरघर आहे. झाकण उघडलं की पांढरं धुकं बाहेर सांडतं आणि नाकातले केस क्षणात कडक होतात. आत पिशव्या रचलेल्या, प्रत्येकीवर एक क्रमांक.

हे डुकरांचे मेंदू नव्हेत. इथली मेंदूपेढी एडवर्ड बर्ड यांनी उभी केली, आणि यातले बरेच मेंदू हंटिंग्टनच्या आजाराने गेलेल्या माणसांचे आहेत. हा आजार घराण्यातून उतरतो. आईला किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. बहुधा चाळिशीच्या आसपास हातपाय आपोआप हलू लागतात, मुरडतात, नाचल्यागत फिरतात, आणि हळूहळू बुद्धीही विझत जाते. मेंदू देणाऱ्या घरात तीच शक्यता अंगावर घेऊन फिरणारी मुलं असतात. वहीत त्यांची नावं नाहीत. वय, मृत्यूनंतर किती तासांनी गोठवला, एवढंच.

पियर्स एमसन आणि त्यांचे सहकारी ज्या थंड पाटावर काम करतात तिथे उभे राहा. दोन काप शेजारी ठेवलेत. डावीकडचा निरोगी माणसाचा: मधल्या पोकळीत कॉडेट नावाचा भाग गुबगुबीत फुगवटा धरून आत डोकावतो. उजवीकडे बघा. फुगवटा नाहीच. भिंत सपाट, काही ठिकाणी आत गेलेली, आणि पोकळी पसरून मोठी झालेली. हे कळायला यंत्र लागत नाही. यंत्र लागतं ते पुढच्या प्रश्नाला: जे गेलं ते नेमकं काय गेलं?

ॲबर्डीनमध्ये तुम्ही असलेली वस्तू शोधत होता. इथे नसलेली मोजायची आहे, आणि हे जास्त अवघड. आजारात गेली, की मरणानंतर नासली, की तुम्ही काप चुकीच्या जागी घेतला? म्हणून प्रत्येक रुग्णाच्या तुकड्यासमोर निरोगी माणसाचा तुकडा, त्याच जागेचा. गोठलेल्या कापातून डाळीच्या दाण्याएवढा भाग काढा, बोटं बधिर झाली तरी. तो कुटून अर्क करा. त्यात सशाच्या रक्तातून मिळवलेली प्रतिपिंडं घाला, एन्केफॅलिनलाच चिकटणारी. किरणोत्सारी आयोडीन लावलेलं थोडं एन्केफॅलिन घाला. रात्रभर थंडीत ठेवा. सकाळी कोळशाची काळी पूड घालून फिरवा, नळीच्या तळाशी काळा थर बसेल, वरचं निवळ यंत्रात द्या. नळ्यांच्या रांगाच रांगा. लेबलं लिहून हात दुखेल. कुणीतरी दुसऱ्या खोलीत रेडिओवर क्रिकेट लावलंय.

यंत्र नळी उचलतं, मोजतं, कागदावर आकडे ठोकतं. पुढची नळी. इथेही वाटच बघायची. आकडे जुळवायला बसलात की दिसेल: हंटिंग्टनच्या मेंदूत ग्लोबस पॅलिडस नावाच्या भागात, जिथे निरोगी माणसाकडे एन्केफॅलिन भरपूर असतं, तिथे ते खूप घटलेलं. सबस्टन्स पी नावाचं दुसरं पेप्टाइडही तसंच. ॲबर्डीनच्या नळीत जी रेघ बुटकी झाली होती ती आनंदाची होती. इथे आकडा बुटका होतो तेव्हा कुणी टाळ्या वाजवत नाही.

एमसन मंडळींचा हा निबंध १९८० मध्ये छापला जाईल. ऐंशीचं दशक संपता संपता अमेरिकेतले लोक त्याच्या पुढचा धागा पकडतील: एन्केफॅलिन बनवून पॅलिडसच्या बाहेरच्या भागाकडे पाठवणाऱ्या पेशी या आजारात सर्वांत आधी मरतात, सबस्टन्स पीवाल्या मागून. आधी मरणाऱ्या या पेशींचं काम नको असलेल्या हालचाली दाबून धरण्याचं. त्या गेल्या की लगाम सुटतो आणि हातपाय नाचू लागतात. पुढे नाच थांबून शरीर ताठरतं ते दुसऱ्या पेशीही गेल्यावर. म्हणजे रुग्णाच्या घरच्यांनी दिवाणखान्यात जे क्रमाने पाहिलं, तोच क्रम पेशींचा. पण औषध? त्या नाचावर थोडा आळा घालणारी औषधं आहेत. मरणाऱ्या पेशी वाचवणारं अजून तरी नाही. तुम्ही भविष्यातून आला आहात म्हणून इथल्या कुणी हे विचारलं, तर काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी असतो तर नळ्यांवर लेबलं लावत बसलो असतो.

निघताना एक काम राहिलंय. आयोडीनच्या टेबलापाशी होता ना? दाराजवळच्या मॉनिटरसमोर दोन्ही हात धरा, तळवे आणि मग पाठ. टकटक अधूनमधून होतेच, ती चालते. सलग व्हायला लागली तर बेसिनवर जा, नखांच्या खाली ब्रशने घासा, पुन्हा येऊन हात धरा. स्वेटरच्या बाह्याही तपासा. ते जुने हातमोजे मात्र इथेच टाका, किरणोत्साराच्या पेटीत नको, साध्या कचऱ्यात. आणि खिशातली बटरी आता खायला हरकत नाही, सहा वर्षांची शिळी आहे एवढंच.